व्यापार करार, शिकाऊ उमेदवार आणि आपलं पत्र: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

उद्योजकांच्या संघटनेत धोरणविषयक काम करायला माणसं लागतात, हे अर्थशास्त्र किंवा वाणिज्य शिकणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींना फारसं कुणी सांगत नाही. कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगाव पट्ट्यातल्या फाउंड्र्यांसाठी, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यांसाठी, मी हे काम करते. सरकार एखाद्या देशाशी व्यापार कराराची बोलणी सुरू करतं, किंवा प्रशिक्षणाच्या एखाद्या योजनेत बदल करायचं ठरवतं, तेव्हा उद्योगांचं म्हणणं मागवलं जातं. ते गोळा करायचं, तपासायचं आणि मुदतीत लिहून पाठवायचं. काम इतकंच, पण त्यात शिकण्यासारखं खूप आहे.

आधी एक फरक समजून घ्या. कायदा किंवा नियम बदलायचा असेल तर मसुदा लोकांसमोर किमान ३० दिवस ठेवावा, असं केंद्र सरकारचं २०१४ पासूनचं धोरण आहे. व्यापार कराराचं तसं नाही. बोलणी गोपनीय असतात, मजकूर साधारणपणे सह्या झाल्यावर वाचायला मिळतो, आणि आपल्या राज्यघटनेनुसार करार करण्यासाठी संसदेची आधी मंजुरी लागत नाही. म्हणजे मसुदा वाचून हरकत घेण्याची सोय इथे नाही. जे सांगायचं ते बोलणी चालू असतानाच सांगावं लागतं. निर्यात प्रोत्साहन परिषदेकडून किंवा चेंबरकडून एक एक्सेल शीट येते: एचएस कोड (जगभर मालाची वर्गवारी करणारा क्रमांक), मालाचं वर्णन, समोरच्या देशाकडून काय सवलत हवी, आपण कोणती देऊ नये, आणि कारण. या शेवटच्या रकान्यातच तुमची खरी परीक्षा असते.

बहुतेक पत्रांत तिथे 'आमचा उद्योग उद्ध्वस्त होईल' असं लिहिलेलं असतं. बोलणी करणाऱ्या अधिकाऱ्याला त्याचा काहीही उपयोग नसतो. त्याला कोड लागतो, आजचं आयात शुल्क लागतं, गेल्या तीन-चार वर्षांची आयात-निर्यात लागते. आकडे वाणिज्य मंत्रालयाच्या आयात-निर्यात डेटा बँकेत मोफत मिळतात. अडतं ते कोडापाशी. फाउंड्रीचे मालक सांगतात, 'आम्ही कास्टिंग करतो,' आणि नवा माणूस ७३२५ हा ओतीव लोखंडाचा कोड लिहून मोकळा होतो. पण तेच कास्टिंग मशिनिंग होऊन पंपाचा भाग म्हणून गेलं की ८४१३ मध्ये मोडतं, गाडीचा भाग म्हणून गेलं तर ८७०८ मध्ये. म्हणून तोंडी माहितीवर थांबू नका. विक्रीचं बिल मागा. पुष्कळ लहान कारखाने पुण्या-चाकणच्या मोठ्या कंपनीला माल देतात आणि तो पुढे परदेशी जातो. असा कारखानदार स्वतःला निर्यातदार समजत नाही, म्हणून तो शीट भरतच नाही. त्याच्याकडे स्वतः जाऊन बसलं नाही, तर करारात त्याचा विचार होण्याची शक्यता फार कमी. माझ्या मते या नोकरीतलं सर्वांत मोलाचं काम हेच आहे.

कच्च्या मालाचं विचारायला विसरू नका. तयार कास्टिंग शुल्काविना आत येणार आणि त्यासाठी लागणाऱ्या कच्च्या मालावर मात्र शुल्क तसंच राहणार, अशी उलटी रचना झाली तर इथला कारखाना कितीही चांगला चालवला तरी दरात मागे पडतो. हे एका ओळीत, कोडासकट लिहिलं तर वाचणारा थांबतो.

आपण लिहून काय होणार, असं नवे लोक विचारतात. ४ नोव्हेंबर २०१९ ला भारताने बँकॉकमध्ये आरसेपमधून (आशिया-पॅसिफिक देशांच्या मोठ्या व्यापार करारातून) बाहेर राहण्याचा निर्णय जाहीर केला. त्याआधी दूध उत्पादकांपासून पोलाद उद्योगापर्यंत अनेकांनी आपलं म्हणणं सरकारपुढे ठामपणे मांडलं होतं. शिवाय सही झाली म्हणजे विषय संपला असंही नसतं. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाबरोबरचा वस्तुव्यापार करार २०१० पासून लागू आहे आणि त्याच्या फेरआढाव्याची बोलणी पुढे अनेक वर्षांनी सुरू झाली. जुन्या फायली जपून ठेवा.

आता प्रशिक्षणाकडे येते, कारण हा भाग मला जास्त जिव्हाळ्याचा आहे. कारखानदार एकाच पत्रात दोन्ही गोष्टी लिहितात: शुल्क कमी करू नका, आणि कुशल माणसं द्या. पण करार वाणिज्य मंत्रालय बघतं, शिकाऊ उमेदवारांची (कारखान्यात काम करत शिकणाऱ्यांची) योजना कौशल्य विकास मंत्रालय, आणि आयटीआय चालवतं राज्याचं व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय. एकत्र लिहिलेली मागणी पहिल्याच टेबलावर अडकते. दोन पत्रं करा, आणि दुसऱ्यात पहिल्याचा संदर्भ द्या. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन या देशांबरोबरच्या भारताच्या करारात १५ वर्षांत १०० अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि १० लाख थेट रोजगार असं उद्दिष्ट लिहिलेलं आहे. ती माणसं शिकून कुठून येणार, हा प्रश्न त्या दुसऱ्या पत्रात विचारायचा.

पैशांचा हिशेब मात्र तोंडपाठ हवा. ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. चाळीस जणांच्या फाउंड्रीत म्हणजे किमान एक, जास्तीत जास्त सहा. केंद्र सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला कमाल १,५०० रुपये, उचलतं. आता तो थेट उमेदवाराच्या खात्यात जमा होतो. २०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन शिक्षणानुसार ५,००० ते ९,००० रुपये होतं. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने ते ६,८०० ते १२,३०० करण्याची शिफारस केली. त्याच महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने आयटीआय सुधारण्यासाठी ६०,००० कोटींची योजना मंजूर केली: केंद्राचे ३०,००० कोटी, राज्यांचे २०,०००, उद्योगांचे १०,०००. उद्योगांकडून पैसा अपेक्षित आहे म्हटल्यावर कोणते ट्रेड, म्हणजे कौशल्याचे अभ्यासक्रम, चालवायचे यात त्यांना बोलता आलं पाहिजे, आणि तेही लहान कारखान्यांना. आमच्या भागाला मोल्डर (साचे तयार करणारे) आणि पॅटर्न मेकर (साच्यासाठी नमुना बनवणारे) लागतात.

विद्यावेतन वाढावं की नाही, असं विचारलं की मालक नको म्हणतात. त्यांचा खर्च खरा आहे, तो लिहा. पण या सगळ्या विचारविनिमयात ज्याचं आयुष्य त्यावर अवलंबून आहे त्या मुलाला कुणी विचारत नाही, आणि हे मला मनापासून खटकतं. कागल किंवा हातकणंगल्याच्या गावातून येणाऱ्या मुलाचा खोलीभाड्यावर आणि येण्याजाण्यावर किती खर्च होतो, त्याला खरोखर मोल्डिंग शिकवतात की वर्षभर फेटलिंगलाच (ओतलेल्या भागाचा जादा धातू घासून काढण्यालाच) लावतात, हे त्याच्याकडूनच कळतं. मालकांची परवानगी घेऊन, सुपरवायझर नसताना बोला. नाव न लिहिता ती माहिती पत्राला जोडा. संघटनेत सुरुवातीला याला विरोध होतो. चिकाटीने समजावून सांगा, कारण प्रशिक्षण अर्धवट सोडून जाणाऱ्या मुलांमुळे नुकसान कारखान्याचंही होतंच.

शिक्षण कोणतं हवं? अर्थशास्त्र, वाणिज्य, कायदा चालतं. डिप्लोमा इंजिनिअर असाल तर फारच उत्तम, कारण तुम्हाला ड्रॉइंग वाचता येतं. दिल्लीच्या भारतीय विदेश व्यापार संस्थेत किंवा पुण्याच्या गोखले संस्थेत शिकता आलं तर पाया पक्का होतो, पण ती अट नाही. एक्सेल नीट यायला हवं. इंग्रजीत छोटी वाक्यं लिहिता यायला हवीत, आणि कारखान्यात मराठीत तासभर ऐकून घेता यायला हवं. पहिल्या महिन्यात भारत-युएई कराराच्या शुल्कसूचीतला एक कोड निवडा, तो माल बनवणारा जवळचा कारखाना शोधा आणि १ मे २०२२ ला करार लागू झाल्यानंतर त्यांच्या ऑर्डरमध्ये काय बदललं ते विचारून या.