प्रोपेन हीटरचा पायलट टिकत नाही, बर्नर पेटत नाही? आधी ज्योत नीट बघा

पायलट, म्हणजे मुख्य बर्नर पेटवणारी छोटी ज्योत, टिकेनाशी झाली किंवा हीटर पेटेनासा झाला की बहुतेकांचा हात थेट पान्याकडे जातो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की आधी ज्योत बघा. तिचा रंग, उंची आणि ती कुठे टेकते हे पाहिलं की बिघाड कुठे आहे ते बहुतेक वेळा कळतं, आणि चांगला भाग विनाकारण बदलला जात नाही.

पण सगळ्यात आधी वास घ्या. प्रोपेनला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. आपल्याला येतो तो उग्र दर्प गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. हा वायू हवेच्या सुमारे दीडपट जड असल्यामुळे खाली साचतो, म्हणून वाकून जमिनीलगत वास घ्या. वास आलाच तर सिलिंडर बंद करा, दारं उघडा, विजेच्या एकाही बटणाला हात लावू नका आणि बाहेर पडून गॅसवाल्याला बोलवा. त्या दिवशी दुरुस्ती नाही. वास नसेल तरी नॉब बंद करून किमान 5 मिनिटं थांबा आणि हीटर पूर्ण थंड झाल्यावरच उघडा.

पायलट पेटतच नसेल

खोलीत थोडा अंधार करून इग्निटर, म्हणजे ठिणगी पाडणारं बटण, दाबा. ठिणगी दिसली नाही तर सेल, वायरचं टोक आणि इलेक्ट्रोडवरची, म्हणजे जिथून ठिणगी उडते त्या टोकावरची, काजळी तपासा. ठिणगी पडते पण ज्योत धरत नाही, म्हणजे गॅस पोचत नाही. नुकताच सिलिंडर बदलला असेल तर नळीत हवा असते, नॉब मिनिटभर दाबून ठेवला की ती निघून जाते. अनेकांच्या लक्षात न येणारं कारण वेगळंच असतं. सिलिंडरचा व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की काही जोडण्यांमधली सुरक्षा-झडप त्याला गळती समजते आणि गॅस अडवते. अशा वेळी हीटर आणि सिलिंडर दोन्ही बंद करा, थोडं थांबा आणि व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडा. कडाक्याच्या थंडीत, त्यातून सिलिंडर संपत आला असेल तर, दाबही कमी पडतो. पण म्हणून सिलिंडरला बाहेरून आच देण्याचा विचार चुकूनही करू नका.

नॉब सोडला की पायलट विझत असेल

ही तक्रार सगळ्यात जास्त आढळते. पायलटच्या ज्योतीत थर्मोकपल नावाची धातूची बारीक कांडी असते. ती तापली की सुमारे 25 ते 30 मिलिव्होल्ट वीज तयार होते आणि तेवढ्यावर व्हॉल्व्हमधला छोटा चुंबक गॅसची वाट उघडी धरून ठेवतो. कांडी गार राहिली की चुंबक सुटतो आणि गॅस बंद होतो. म्हणून पेटल्यावर नॉब 30 ते 60 सेकंद दाबूनच ठेवायचा असतो, घाई चालत नाही.

तरीही विझते? मग ज्योत बघा. ती निळी असावी आणि तिने थर्मोकपलच्या वरच्या टोकाला, साधारण एक सेंटिमीटरभर, वेढलेलं असावं. ज्योत पिवळी, बुटकी, लोळणारी असेल तर दोष बहुधा थर्मोकपलचा नसून धुळीचा असतो. पायलटच्या नळीवर हवा आत घेणारं बारीक भोक असतं. हीटर महिनोन्‌महिने पडून राहिला की तिथे धूळ किंवा कोळ्याचं जाळं अडकतं. गॅस बंद ठेवून त्यात दाबाच्या हवेचा फवारा मारा. तार किंवा सुई घालू नका, कारण गॅस सोडणाऱ्या पितळी जेटचं भोक किंचित मोठं झालं तरी ज्योत कायमची बिघडते.

ज्योत उत्तम असूनही टिकत नसेल तर थर्मोकपलचं टोक बारीक पॉलिश पेपरने हलकं घासा. व्हॉल्व्हकडचा त्याचा नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा द्या, त्यापेक्षा जास्त नको. वीज मोजणारा मल्टिमीटर असेल तर मोजा. नीट तापूनही 15 मिलिव्होल्टच्या खालीच राहिलं तर थर्मोकपल बदला. मोजमाप चांगलं येऊनही नॉब धरत नसेल तर व्हॉल्व्हचा चुंबक गेला असावा. तो घरी उघडायचा भाग नाही.

अर्धा-एक तास चालून आपोआप बंद पडत असेल

इथे कृपया गंभीर व्हा. धुराडं नसलेल्या घरगुती हीटरमध्ये ऑक्सिजन कमी झाल्याचं ओळखणारा खास पायलट असतो. हवेत एरवी सुमारे 21 टक्के ऑक्सिजन असतो. तो 18 टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्योत थर्मोकपलपासून सुटते आणि हीटर बंद होतो. खिडकी उघडल्यावर तो नीट चालला तर बिघाड हीटरमध्ये नाही, हवेच्या ये-जा करण्यात आहे. या यंत्रणेला बगल देऊन हीटर चालवणं जिवावर बेतू शकतं. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं ही कार्बन मोनॉक्साइडची लक्षणं असू शकतात आणि त्या वायूला वास नसतो. तसं वाटलं तर हीटर बंद करून सगळ्यांना बाहेर काढा आणि डॉक्टरांना गाठा.

पायलट ठीक, पण बर्नर नीट पेटत नसेल

नॉब पायलटच्याच खुणेवर राहिला नाही ना, थर्मोस्टॅट खोलीच्या तापमानापेक्षा वर आहे ना, हे आधी बघा. बर्नर उशिरा, ‘भप्प’ आवाज करत पेटत असेल तर पायलटजवळची बर्नरची भोकं बुजलेली असतात. तोवर साचलेला गॅस एकदम पेट घेतो. मऊ ब्रशने आणि हवेने ती साफ करा, तोपर्यंत हीटर वापरू नका. ज्योत पिवळी असेल आणि काजळी धरत असेल तर बर्नरच्या नळीत हवा शिरते ते तोंड झाडा. ज्योत भोकापासून उचलली जाऊन फुरफुरत असेल तर दाब जास्त झाल्याची शंका घ्या. रेग्युलेटरचा स्क्रू स्वतः फिरवू नका, दाब मोजायला तंत्रज्ञ बोलवा. सिरॅमिक प्लेटला तडा गेला असेल तर ती बदलायलाच हवी.

सगळं परत जोडल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावा आणि गॅस सोडा. बुडबुडा दिसला की लगेच बंद करून सांधा पुन्हा बसवा. बुडबुडे नसतील तर खिडकी किलकिली ठेवून हीटर पंधरा मिनिटं चालवा, आणि तेवढा वेळ त्याच्या समोरून हलू नका.