झोपेचं सोंग घेणारा लॅपटॉप: लिनक्सवर सस्पेंड आणि हायबरनेट भरवशाचं कसं करावं

झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत टाकला, तासाभराने काढला तर तव्यासारखा तापलेला. किंवा झाकण उघडलं तर पंखा फिरतोय, स्क्रीन काळी, आणि पॉवरचं बटण दाबून धरण्यावाचून इलाज नाही. दुखणी दोन, पण औषध आपण एकच घेतो: इंटरनेटवरून कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) चार पॅरामीटर उचलायचे आणि बूटलोडरमध्ये (मशीन सुरू होताना कर्नल चढवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चिकटवायचे. मीही बरेच दिवस तेच करत होतो. त्यापेक्षा झोप नेमकी कुठे मोडते ते शोधा. त्याची हत्यारं कर्नलमध्येच आहेत. (फाइलींची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाकायची.)

पायरी १: झोप कोणती?

‘/सिस/पॉवर/मेम_स्लीप’ ही फाइल उघडून बघा. ‘एस२आयडल’, ‘डीप’ असे शब्द दिसतील. चौकटी कंसातला सध्या लागू. डीपमध्ये रॅमची वीज चालू राहते, बाकी जवळजवळ सगळं बंद. एस२आयडलमध्ये मशीन तसं जागंच असतं. प्रोसेसर रिकामा बसतो, आणि सगळी उपकरणं शांत झाली तरच चिप खोल झोपेत जाते. एखादं उपकरण चुळबुळत राहिलं की ते नुसतं झोपेचं सोंग, म्हणून बॅगेत तवा तापतो. डीप यादीत असेल तर कर्नलला ‘मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप’ हा पॅरामीटर देऊन बघा. नसेल तर फर्मवेअरने (मशीनच्या चिपमधल्या मूळ सॉफ्टवेअरने) ती सोय दिलेलीच नाही. काही मॉडेलांच्या बायोसमध्ये झोपेसाठी लिनक्सचा वेगळा पर्याय असतो, तेवढा तपासा.

पायरी २: एकेक टप्पा चढा

कर्नल झोपायला जातो तो ओळीने: आधी चालू प्रोग्रॅम गोठवतो, मग उपकरणं झोपवतो, मग फर्मवेअरची तयारी, आणि शेवटी एक सोडून बाकी प्रोसेसर बंद. ‘/सिस/पॉवर/पीएम_टेस्ट’ मध्ये कुठवर जायचं ते सांगता येतं. शब्द याच क्रमाने: फ्रीझर, डिव्हायसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स, कोअर. शेवटचे दोन फक्त डीपसाठी. (फाइलच नसेल तर तुमचा कर्नल या चाचणीची सोय वगळून बांधलेला आहे.)

रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन त्यात ‘फ्रीझर’ लिहा, मग ‘/सिस/पॉवर/स्टेट’ मध्ये ‘मेम’. मशीन तिथवर जाऊन पाच सेकंद थांबतं आणि परत येतं. आलं की पुढचा शब्द. इथे ‘सुडो एको’ लिहून बाणाने फाइलीत ढकललंत तर परवानगी नाकारली जाईल, कारण बाण सुडोच्या नाही, तुमच्या शेलच्या हातात असतो. सरळ रूट शेल उघडा.

फ्रीझरवर अडलं तर २० सेकंद वाट बघून कर्नल नाद सोडतो आणि न गोठलेल्या प्रोग्रॅमचं नाव लॉगमध्ये लिहितो. तुटलेल्या नेटवर्कवरचं माउंट केलेलं फोल्डर हा नेहमीचा गुन्हेगार.

गाडी सहसा अडते ती डिव्हायसेसवर, म्हणजे एखाद्या ड्रायव्हरवर. कुठल्या? निम्मे मॉड्यूल (चालू कर्नलमध्ये घालता-काढता येणारे ड्रायव्हर) काढा आणि पुन्हा चाचणी घ्या. पास झाली तर चोर काढलेल्यांत, नाही तर उरलेल्यांत. पुन्हा निम्मे. साठ मॉड्यूल असले तरी सहा-सात फेऱ्यांत हाती लागतो. मी वायफाय आणि ब्लूटूथपासून सुरुवात करतो. सापडलेलं मॉड्यूल झोपेआधी काढून जागं झाल्यावर परत घालणारी स्क्रिप्ट सिस्टमडीच्या ‘सिस्टम-स्लीप’ फोल्डरमध्ये ठेवता येते. ही मलमपट्टी झाली. नवा कर्नल वापरून बघा आणि तरीही तेच असेल तर ड्रायव्हरच्या देखभालकर्त्याला कळवा.

काम झालं की पीएम_टेस्टमध्ये ‘नन’ लिहायला विसरू नका. मी विसरलो होतो. झाकण मिटलं की पाच सेकंदांत लॅपटॉप जागा, आणि मी तासभर झाकणाच्या सेन्सरला शिव्या देत बसलो.

पायरी ३: काळ्या स्क्रीनचा माग

मशीन परतच येत नसेल तर बऱ्याचदा लॉगही मिळत नाही, कारण तो लिहायची डिस्क आधीच झोपलेली असते. अशा वेळी ‘/सिस/पॉवर/पीएम_ट्रेस’ मध्ये १ लिहून सस्पेंड करा. मग प्रत्येक टप्प्याची खूण कर्नल थेट बॅटरीवरच्या घड्याळात कोरतो. अडकलं की लगेच बंद करून पुन्हा सुरू करा आणि कर्नल लॉगमध्ये ‘मॅजिक नंबर’ शोधा, त्याच्या आसपास संशयित उपकरण दिसतं. तारीख-वेळ मात्र भलतीच होईल, ती नंतर नीट करा.

बॅगेत आपोआप जाग येत असेल तर ‘/प्रॉक/एसीपीआय/वेकअप’ बघा. तिथे कोणाला मशीन उठवायची मुभा आहे ते कळतं. उपकरणाचं नाव त्याच फाइलीत लिहिलं की मुभा उलटते.

पायरी ४: हायबरनेट

यात रॅमची प्रतिमा स्वॅपमध्ये (रॅमला जोड म्हणून राखलेल्या जागेत) लिहिली जाते, म्हणून स्वॅप डिस्कवर हवा. झेडरॅमचा स्वॅप चालत नाही, तो स्वतःच रॅममध्ये असतो. आकार रॅमइतका ठेवा, निवांत. कर्नलला ‘रिझ्यूम=’ ने विभाजन सांगा; स्वॅप फाइल असेल तर ‘रिझ्यूम_ऑफसेट=’ सुद्धा लागतं. ‘स्टेट’ मध्ये ‘डिस्क’ हा शब्दच नसेल तर सिक्युअर बूट (फक्त सही केलेली सिस्टम चालू देणारी फर्मवेअरची सोय) तपासा. तो चालू असला की अनेक वितरणांचा कर्नल लॉकडाउनमध्ये (जादा कडक सुरक्षेत) जातो आणि हायबरनेट नाकारतो.

पहिल्यांदा ‘/सिस/पॉवर/डिस्क’ मध्ये ‘रीबूट’ लिहून करून बघा: प्रतिमा लिहिली, मशीन रीबूट झालं आणि तुमच्या खिडक्या जिथल्या तिथे परत आल्या, तर अर्धी लढाई जिंकली. मग ‘प्लॅटफॉर्म’, त्यात गडबड झाली तर ‘शटडाउन’. हायबरनेट केलेल्या मशीनचं विभाजन दुसऱ्या सिस्टममधून मात्र अजिबात माउंट करू नका, फाइलसिस्टमची वाट लागते.

पायरी ५: एकदा जमलं म्हणजे जमलं असं नाही

काही दोष दुसऱ्या झोपेतच उघडे पडतात. ‘आरटीसीवेक’ ही आज्ञा मशीनला झोपवून ठरल्या वेळी उठवते. ‘मेम’ प्रकार आणि ६० सेकंद देऊन ती एका लूपमध्ये २० वेळा चालवा, मध्ये अर्धा मिनिट सोडा आणि जेवायला बसा. परत आल्यावर वायफाय, आवाज आणि टचपॅड तिन्ही चालू असतील, तर त्या रात्री चार्जर न लावता झाकण मिटायला हरकत नाही.