तुटलेली स्प्रिंग: गाडी चालते म्हणून कळत नाही

गाडीचं वजन पेलणारी पुढच्या चाकाची कॉइल (वेटोळ्याची) स्प्रिंग बहुतेक वेळा अगदी खालच्या वेढ्यात तुटते. उडणाऱ्या दगड-खड्यांनी रंग उडतो, स्प्रिंगचं खालचं टोक ज्यात बसतं त्या कपात पाणी-चिखल साचतो, गंजाच्या खड्ड्यातून तडा जातो. तुकडा कपातच बसून राहतो, गाडी जेमतेम सेंटीमीटरभर खाली बसते. कुणाला कळणार?

पार्किंग करताना पूर्ण स्टीअरिंग वळवल्यावर ‘टण्ण’ असा आवाज आला, तर आधी स्प्रिंग बघा. लोक उगाच लिंक रॉड (सस्पेन्शनचा छोटा जोडदांडा) बदलत बसतात. चाक वळवून टॉर्चच्या उजेडात खालचं टोक पाहा, दुसऱ्या बाजूशी ताडून. तुटलेलं टोक तिरकं, दातेरी असतं. ते टायरच्या बाजूला लागलं तर टायर फाटतो, म्हणून तशी गाडी चालवू नये.

स्प्रिंग जोडीनेच बदलावी. स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरचे दोन्ही हुक समोरासमोर लावून आळीपाळीने आवळा. स्प्रिंग वरच्या बैठकीतून सैल झाल्याशिवाय स्ट्रटचा (ज्यावर स्प्रिंग बसते त्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा) वरचा नट अजिबात सोडू नका. ती उसळली तर जीव जाऊ शकतो. स्ट्रट वर गाडीला जोडणाऱ्या माउंटचं बेअरिंग खरखरत असेल तर तेही आत्ताच बदला. नव्या स्प्रिंगचं टोक कपातल्या पायरीला टेकवा. शेवटी व्हील अलाइनमेंट.