विहिरीचं पाणी दरवर्षी जास्त खारट होतंय का? नोंद अशी ठेवा

खाडीकाठच्या गावात मे महिन्यात विहिरीचं पाणी मचूळ लागतं हे काय नवीन नाही, पण ते दरवर्षी वाढतंय का हे जिभेला कळत नाही, त्याला आकडे लागतात आणि तेही पाच-दहा वर्षांचे. दिवाळे घ्या, घणसोली घ्या नाहीतर कळवा, पद्धत तीच.

आधी जागा पक्क्या करा. एक विहीर, एक बोअर आणि नाल्यावर दोन ठिकाणं, एक खाडीजवळ आणि एक वर डोंगराच्या बाजूला, जिथे भरतीचं पाणी पोचतच नाही. वरची जागा अजिबात सोडू नका, तुलना तिच्याशीच करायचीय. फोटो आणि लोकेशन सेव्ह करून ठेवा म्हणजे उद्या दुसरं कोणी गेलं तरी त्याच जागी पाणी घेईल.

मग मीटर. आरओवाल्यांकडे असतो तो टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) दाखवणारा पेन चालतो, पण ईसी, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते ते दाखवणारा मिळाला तर तोच घ्या, कारण पेन आतून ईसीच मोजतो आणि त्याला 0.5 नाहीतर 0.7 ने गुणून टीडीएस दाखवतो, त्यामुळे एकाच पाण्याचे दोन पेनवर दोन आकडे येतात. वहीत ईसीच लिहा, मायक्रोसीमेन्समध्ये. टेंपरेचर कॉम्पेन्सेशन, म्हणजे पाण्याच्या तापमानाप्रमाणे आकडा आपोआप दुरुस्त करायची सोय हवीच, एका डिग्रीला साधारण 2 टक्के फरक पडतो. निघायच्या आधी दर वेळी 1413 मायक्रोसीमेन्सच्या कॅलिब्रेशन सोल्यूशनमध्ये पेन बुडवून तोच आकडा येतो का बघा.

बोअरचा पंप चालू करून आकडा स्थिर होईपर्यंत पाणी जाऊ द्या, पाइपात साचलेलं मोजून उपयोग नाही. विहिरीत मात्र वरचं आणि तळाचं, दोन्ही पाणी घ्यायचं. खारं पाणी जड, ते खाली बसतं, वर गोडं लागत असतं आणि तळाला खाडी शिरलेली असते. बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी लावा, तळाला टेकली की बुचाची दोरी झटक्यात ओढा, बुडबुडे थांबले की वर घ्या.

नाल्याचं पाणी भरती-ओहोटी बघूनच. महिन्यातून एकदा, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती सगळ्यात कमी चढते तेव्हा, ओहोटी संपताना. जमलं तर अमावस्येच्या उधाणालाही, म्हणजे मोठ्या भरतीला, एक रीडिंग घ्या पण ते वेगळ्या रकान्यात. तारीख, वेळ, तिथी, पाऊस, सगळं लिहा.

सांडपाण्यानेही ईसी वाढतो, म्हणून मे आणि ऑक्टोबरमध्ये लॅबमधून क्लोराइड (मिठातला घटक) तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकात 250 मिलिग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा आहे, दुसरा स्रोतच नसेल तर 1000. उधाणाला आकडा चढून भांगाला उतरत असेल तर संशय खाडीवर, तिथीशी काही संबंध न ठेवता चढत असेल तर वरून काय सोडलं जातंय ते बघा.

मे ची तुलना मे शीच करा, शेजारी त्या वर्षीचा पाऊस लिहून. नवीन मीटर घेतला तर काही महिने जुना-नवा दोन्ही एकाच ग्लासात बुडवून दोन्ही आकडे लिहा, नाहीतर मीटरचाच फरक पाण्याचा समजाल. आणि दर महिन्याला वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाका, वही भिजली तरी आकडे राहतील.