झेड स्केल मॉडेल रेल्वे: इंजिन ठरावीक जागीच अडत असेल तर

ठाण्यात, खाडीलगतचं घर. जुलैत १:२२० मापाचं हे छोटं इंजिन रुळांच्या लूपच्या लांबच्या टोकाला अडायचं. ढकललं की चार बोटं सरकून पुन्हा ठप्प. रूळ-चाकं पुसली, सँडपेपर घासला (हे करू नका, ओरखड्यांत मळ साठतो). दोन आठवडे वाया गेले.

दोष जोडपट्ट्यांत होता (रुळांचे तुकडे जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या; वीज त्यांतूनच पुढे जाते). दमट हवेने आतून काळ्या पडलेल्या. इंजिन रुळावर असताना मल्टिमीटर: कंट्रोलरपाशी ८ व्होल्ट, अडण्याच्या जागी ५.

उपाय: कंट्रोलरपासून थेट रुळांना वायरी जोडायच्या. सप्लाय बंद करा. रुळाची बाहेरची बाजू ब्लेडने चकचकीत खरवडा, फ्लक्स (कथील नीट धरावं म्हणून लावायची पेस्ट) लावा, वायरच्या टोकाला आधीच कथील चढवा. शेजारच्या स्लीपरांवर ओला कापूस ठेवा, नाहीतर प्लास्टिक वितळतं. मग सोल्डरिंग आयर्न फक्त २ सेकंद. अशी वायरींची जोडी दर ६० सेंमीला. लाल वायर कायम लूपच्या आतल्या रुळाला, नाहीतर शॉर्ट.