शॅमेलिऑन पाळण्याची तयारी : पिंजऱ्यापासून कातेपर्यंत

शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, पाळायचे ठरले की पुष्कळदा आधी प्राणी घरात येतो आणि पिंजरा, दिवे, पाणी यांची जमवाजमव मागाहून धावपळीत होते. हा क्रम उलटा असायला हवा. पिंजरा पूर्ण मांडून, दिवे आणि पाण्याची व्यवस्था सुरू करून, तो निदान आठवडाभर रिकामाच चालवावा. त्या काळात सकाळी, भर दुपारी आणि रात्री उशिरा तापमान व आर्द्रता मोजून लिहून ठेवावी आणि आकडे स्थिर राहतात असे दिसल्यावरच प्राणी आणावा. या प्राण्याच्या त्वचेवर पुढे जे बिघाड दिसतात, त्यांतले बरेचसे उष्णता, प्रकाश, पाणी किंवा आहार यांतल्या उणिवांतून आलेले असतात. प्राणी आल्यावर त्या उणिवा शोधत बसलो तर त्याची किंमत त्यालाच मोजावी लागते.

निवड करताना प्राणी बंदिवासात जन्मलेला आहे याची कागदपत्रांसह खात्री करून घ्यावी. शॅमेलिऑनच्या बहुतेक जाती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटीस कराराच्या परिशिष्टांत येतात, शिवाय प्रत्येक देशाचा वन्यजीव कायदा वेगळा असतो. त्यामुळे आपण राहतो तिथे ही जात पाळण्यास परवानगी आहे का, हा प्रश्न पैसे देण्याआधीच सुटलेला असावा. रानातून पकडलेल्या शॅमेलिऑनमध्ये परजीवी जंत सर्रास आढळतात आणि ताणामुळे तो लवकर खचतो, हेही ध्यानात असू द्यावे. पुढे दिलेली मोजमापे प्रामुख्याने येमेन व सौदी अरेबियातील वेल्ड आणि मादागास्करमधील पँथर या दोन जातींच्या प्रौढांसाठी आहेत. पूर्व आफ्रिकेतील डोंगराळ भागातल्या जॅक्सन शॅमेलिऑनला याहून थंड हवा मानवते.

प्रौढ प्राण्यासाठी ६० सेंमी लांब, ६० सेंमी रुंद आणि १२० सेंमी उंच असा जाळीचा हवेशीर पिंजरा तयार ठेवावा आणि तो टेबलावर किंवा स्टँडवर असा ठेवावा, की वरच्या फांदीवर बसलेला प्राणी माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला किंवा त्याहून वर राहील, कारण वरून येणारी हालचाल त्याला शिकाऱ्याची वाटते. एका पिंजऱ्यात एकच शॅमेलिऑन ठेवावा. जोडी ठेवण्याचा मोह टाळावा. दुसरा शॅमेलिऑन नुसता सतत नजरेस पडला तरी तो ताणाखाली राहतो, आणि जवळपास आरसा असेल तर त्यातले प्रतिबिंबही तोच परिणाम करते. आत वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या हव्यात आणि दडून बसता येईल इतकी खरी झाडे हवीत. फायकस, जास्वंद आणि मनीप्लँट ही नेहमीची निवड आहे. रोपवाटिकेतून आणलेल्या झाडाची पाने नीट धुऊन घ्यावीत आणि त्यावर कीटकनाशक मारलेले नाही याची विचारपूस करावी, कारण वेल्ड जातीचे प्राणी पानेही खातात. तळ मोकळाच ठेवावा. भुसा किंवा खडी जिभेला चिकटून पोटात जाण्याचा धोका असतो.

दिव्यांच्या बाबतीत काटकसर अंगाशी येते. दोन वेगळे दिवे लागतात : ऊब देणारा बल्ब आणि अतिनील ब (यूव्हीबी) किरण देणारी लांब टी-५ (बारीक व्यासाची फ्लुरोसंट) ट्यूब. या किरणांमुळे त्वचेत ड-३ जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्याविना अन्नातले कॅल्शियम शरीराला वापरता येत नाही. हाडे मऊ होतात, पाय वाकतात, जबडा लिबलिबीत होतो आणि भक्ष्यावरचा जिभेचा नेम चुकू लागतो. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात हे किरण जवळजवळ उरत नाहीत, त्यामुळे पिंजरा खिडकीशी ठेवल्याने ट्यूबची गरज संपत नाही. ऊब घेण्याच्या फांदीवर अतिनील निर्देशांक (यूव्ही इंडेक्स, म्हणजे या किरणांच्या तीव्रतेचे माप) साधारण ३ असावा आणि ट्यूब उत्पादकाने दिलेल्या मुदतीनुसार बदलावी, कारण ट्यूब डोळ्यांना उजळ दिसत राहते, मात्र तिचे उपयोगी किरण हळूहळू घटत गेलेले असतात. बदलल्याची तारीख ट्यूबच्याच टोकावर लिहून ठेवणे सोपे पडते.

ऊब घेण्याच्या जागी तापमान सुमारे २९ ते ३१ अंश सेल्सिअस पुरते आणि मादीसाठी त्याहून दोन-तीन अंश कमी ठेवलेले बरे. मोजताना तापमापक फांदीवर टेकवण्याऐवजी फांदीवर बसलेल्या प्राण्याची पाठ आणि डोक्यावरचा उंचवटा जिथे येतो तिथे धरावा. बल्बच्या जवळ प्रत्येक इंचाने उष्णता झपाट्याने वाढते, आणि थंडावलेला शॅमेलिऑन अंग तापवण्याच्या नादात कातडी भाजेपर्यंत तिथेच बसून राहू शकतो. बल्ब पिंजऱ्याच्या बाहेर, जाळीच्या वर असावा आणि छताच्या जाळीला लटकून प्राणी त्याच्या अगदी खाली पोहोचणार नाही, हे बघावे. दिवे सुमारे १२ तास चालू ठेवून रात्री पूर्ण अंधार करावा, रंगीत बल्बही नको, आणि तापमान विशीच्या खाली उतरले तर ते या प्राण्यांना मानवतेच.

शॅमेलिऑन सहसा वाटीतले साचलेले पाणी ओळखत नाही. पानांवरून ओघळणारे थेंब तो चाटतो. म्हणून पहाटे आणि संध्याकाळी दिवे बंद असताना काही मिनिटे तुषार उडवावेत आणि दिवसा ठिबक चालू ठेवावे. दिवसा ४० ते ५० टक्के आणि रात्री ८० टक्क्यांच्या पुढे आर्द्रता हा वेल्डसाठी चांगला क्रम आहे, पँथरला दिवसाही थोडी अधिक लागते; मात्र दोन फवाऱ्यांच्या मध्ये पाने आणि फांद्या पूर्ण वाळायला हव्यात. दिवसभर ओलसर आणि कोंदट राहिलेल्या पिंजऱ्यात त्वचेवर बुरशी आणि फुप्फुसांत जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो. पाणी पुरेसे मिळते का, हे विष्ठेसोबत पडणाऱ्या युरेटच्या (मूत्रातल्या घट्ट भागाच्या) गोळीवरून कळते : ती पांढरी असावी, पिवळी, नारिंगी किंवा खडूसारखी कोरडी दिसली तर पाणी कमी पडते आहे.

खाद्यात रातकिडे, डुबिया झुरळे, रेशीमकिडे असा पालट हवा आणि भक्ष्य प्राण्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठे नसावे. किड्यांना आदल्या दिवशी हिरवा पाला व भाज्या भरपूर खाऊ घालाव्यात. बहुतेक वेळी ड-३ नसलेली कॅल्शियम पावडर भुरभुरावी, आणि ड-३ व अ जीवनसत्त्व असलेले पूरक महिन्यातून साधारण दोनदाच द्यावे, कारण त्यांचा अतिरेकही घातक ठरतो. बाहेर पकडलेले किडे टाळावेत. काजवे तर कधीही देऊ नयेत, कारण त्यांच्यातले विष सरड्यांचा जीव घेऊ शकते.

यानंतरची तयारी बहुतेक याद्यांतून सुटते आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे : आपल्या प्राण्याचे नेहमीचे रंग कोणते, याची नोंद. शॅमेलिऑन मागच्या भिंतीशी मिळताजुळता रंग घेतो ही समजूत चुकीची आहे. तापमान, मनःस्थिती आणि समोरच्याला द्यायचा इशारा यांवर त्याचा रंग ठरतो. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली पँथर शॅमेलिऑनवर दाखवून दिले, की त्वचेतल्या विशिष्ट पेशींमध्ये ग्वानिन या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक रचलेले असतात आणि प्राणी उत्तेजित झाला की त्यांच्यातले अंतर वाढून परावर्तित होणारा प्रकाश निळ्याकडून पिवळ्या-तांबड्याकडे सरकतो. याशिवाय काळ्या रंगद्रव्याच्या पेशी अंग गडद किंवा फिके करतात. म्हणून सकाळी थंड अंगाने दिव्याखाली बसलेला, दिव्याकडची बाजू काळपट केलेला प्राणी आजारी नसतो आणि झोपेत फिकट पडलेला प्राणीही आजारी नसतो. पहिल्या महिन्यात दिवे लागल्यावर, दुपारी आणि झोपेत, त्याच प्रकाशात, दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत; सोबत दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ग्रॅममध्ये वजन घ्यावे. ही चित्रे हाताशी असली की पुढे काळजी कशाची करायची ते उमगते. ऊब घेऊन झाल्यावरही दिवसभर टिकणारा काळपटपणा, जागेपणी न हटणारा फिकेपणा आणि पूर्वी दिसणाऱ्या रंगांपैकी एखादा कायमचा नाहीसा होणे, यांकडे गंभीरपणे पाहावे. यांपैकी कशासोबत दिवसा डोळे मिटून बसणे दिसले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

मादीच्या बाबतीत एक सवलत आणि एक इशारा दोन्ही आहेत. वेल्डची अंड्यावर आलेली मादी गडद हिरवी होऊन तिच्यावर निळे व पिवळे ठिपके उमटतात, तर पँथरची मादी काळपट होऊन तिच्यावर गुलाबी किंवा नारिंगी खुणा दिसतात, आणि हा आजार नसतो. पण मादी नराशिवायही निष्फळ अंडी घालते, त्यामुळे ती वयात येण्याआधीच सुमारे ३० सेंमी खोल ओलसर वाळूची पेटी तयार असायला हवी. जागा न मिळाल्यास अंडी आत अडकून ती दगावू शकते.

कात टाकण्याचा काळ नवख्याला घाबरवतो. आधी रंग धुरकट पांढरा होतो, मग सापासारखी अखंड कात न निघता तिचे तुकडे सुटू लागतात. प्राणी फांदीला अंग घासतो, डोळे फुगवल्यासारखे करतो आणि भूकही थोडी मंदावते. पिल्ले वारंवार, प्रौढ त्याहून विरळ कात टाकतात. या दिवसांत त्याला हातात घेऊ नये आणि निघत आलेला तुकडा ओढू नये, कारण खालची त्वचा तयार नसेल तर जखम होते. फवाऱ्याची वेळ थोडी वाढवणे एवढेच पुरे. तेल किंवा माणसांची मलमे लावू नयेत. चार-पाच दिवसांनी मात्र बोटे, शेपटीचे टोक, पापण्या आणि डोक्यावरचा उंचवटा नीट तपासावा. बोटाभोवती राहिलेले कातेचे कडे वाळून आवळत जाते, रक्त पोहोचत नाही आणि बोट काळे पडून गळू शकते. एखादा तुकडा एकदा अडकला तर तो आर्द्रतेचा दोष असेल. पुन्हा पुन्हा तसेच घडत असेल आणि डोळेही सुजत असतील, तर अ जीवनसत्त्वाची कमतरता पशुवैद्याने तपासायला हवी.

इतर खुणा ओळखायला फार कौशल्य लागत नाही, फक्त रोज पाहण्याची सवय लागते. भाजल्याची जखम बहुधा पाठीच्या कण्यावर किंवा डोक्याच्या टोकावर येते. सुरुवातीला नुसता फिका किंवा गडद डाग, मग फोड आणि शेवटी काळी खपली. बुरशीचा, विशेषतः नॅनिझिऑप्सिस गटातल्या बुरशीचा संसर्ग पिवळट-तपकिरी खरपुडीसारखा दिसतो, पसरत जातो आणि खोल मांसापर्यंत उतरतो, म्हणून तो नुसता पुसून बरा होत नाही. जबड्याच्या कडेला किंवा पायाला आलेली घट्ट गाठ गळू असू शकते. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू पातळ नसून पनीरसारखा घट्ट असतो, त्यामुळे ते दाबून फुटत नाही, शस्त्रक्रियेने काढावे लागते. त्वचेखाली दोऱ्यासारखी वळवळ दिसली तर ते डासांमार्फत पसरणारे जंत असण्याची शक्यता असते, आणि ती रानातून आणलेल्या प्राण्यांत अधिक दिसते. गळ्याखाली पाणी भरल्यासारखी सूज आली तर पूरकांचे प्रमाण आधी तपासावे.

पशुवैद्य शोधण्याचे काम प्राणी आणण्याआधीच उरकावे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे थोडेच असतात आणि रात्री अचानक त्यांचा शोध लागत नाही. पहिल्या भेटीत जंतांसाठी विष्ठा तपासून घ्यावी. प्राणी हाताळल्यावर आणि पिंजरा साफ केल्यावर साबणाने हात धुण्याचा नियम घरात सर्वांना लागू असावा, कारण निरोगी दिसणाऱ्या सरड्याच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात. प्रवासासाठी आडवी फांदी बसवलेला, हवेची भोके असलेला छोटा डबा आणि तो झाकायला कापड वेगळे काढून ठेवावे. तब्येत बिघडून जावे लागले तर सोबत वजनांची वही, फोनमधले जुने आणि नवे फोटो, ताज्या विष्ठेचा नमुना, पूरकांचे डबे आणि दिव्यांसह संपूर्ण पिंजऱ्याचा एक फोटो न्यावा; ट्यूब कोणती, किती जुनी आणि फांदीपासून किती अंतरावर आहे, हे पशुवैद्य बहुधा सुरुवातीलाच विचारतील.