वासोट्याच्या जंगलात एक दिवस कसा घालवावा

वासोटा हा कोयना अभयारण्यातला किल्ला, त्यावर मुक्काम करता येत नाही. हे अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं आणि २०१० मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यानासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. त्यामुळे सकाळी आत जायचं नि उजेडात परतायचं. सगळी आखणी बोटीच्या वेळेवरूनच करा.

आदल्या रात्री जलाशयाकाठच्या बामणोली गावी पोचा. साताऱ्याहून कासमार्गे रस्ता आहे. ओळखपत्राच्या झेरॉक्स सगळ्यांच्या घ्या, परवान्याला लागतात. पावसाळ्यात जंगल बंद असतं. माझं मत विचाराल तर डिसेंबर-जानेवारी उत्तम. कोयनेच्या शिवसागर जलाशयातून सकाळची पहिली बोट धरा. ती अख्खी ठरवावी लागते, म्हणून गट असलेला बरा. तास-दीड तासात गडाच्या पायथ्याला, मेट इंदवलीला उतरता. इथे वनखात्याच्या चौकीत नोंद होते, प्लॅस्टिकच्या वस्तू मोजतात. स्टीलची बाटली आणि फडक्यात बांधलेली भाकरी नेली तर मोजायला काही उरतच नाही.

ओढ्याजवळच्या मारुती-गणपतीपाशी पाणी प्या, कारण पुढे खडा चढ आहे. पण घाई करू नका. लोक धापा टाकत गड गाठतात आणि परतताना म्हणतात, "एकही जनावर दिसलं नाही." दिसणार कसं? गवा, अस्वल, बिबट्या माणसाच्या आवाजाने केव्हाच आत सरकतात. दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं बोलणं थांबवून बसा. वर फांद्यांत खसफस झाली तर शेकरू, म्हणजे मोठी खार असेल: तांबूस अंग, झुपकेदार लांब शेपूट. पानांचं गोल घरटं दिसलं तर तेही बहुधा त्याचंच. भुंकल्यासारखा आवाज आला तर कुत्रा समजू नका, भेकर नावाचं छोटं हरीण असतं. पायवाटेवरच्या ओल्या मातीत खूर उमटलेले असतात, तेही वाचा. गव्याचे खूर गाईपेक्षा मोठे आणि भरीव. गवा समोर आलाच, तर वाट त्याची; जागेवर थांबा, मग सावकाश मागे सरा. फोटोसाठी एक पाऊलही पुढे नको.

भडक कपडे, अत्तर, मोबाइलवरची गाणी घरी ठेवा.

वर गेल्यावर मारुतीच्या देवळाला नमस्कार करून सरळ बाबूकड्याकडे जा. कोकणात उतरणारा तो कातळ बघायला निवांत अर्धा तास ठेवा. जवळचं नागेश्वराचं गुहेतलं देऊळ पहिल्याच खेपेला जोडू नका. वेळ अपुरा पडतो नि परतीची धावपळ होते. बोटवाल्याने सांगितलेल्या वेळेआधी अर्धा तास काठावर या. संध्याकाळच्या पाण्यावर पक्षी तेव्हाच उतरू लागतात.